बुशमधली पहिली शर्यत: 11 किलोमीटरच्या तयारीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून सिडनीच्या उत्तरेकडील हॉर्न्सबी भागात येऊन तुम्हाला आठ महिने झाले आहेत. रस्त्यावर 10 किलोमीटर तुम्ही 62 मिनिटांत धावता आणि पुण्यात असताना सिंहगड नेहमीचा होता. आता मुलाच्या शाळेतील पालकांच्या आग्रहावरून, ऑगस्टच्या अखेरीस जवळच्या बुशमध्ये, म्हणजे इथल्या नैसर्गिक रानात, होणाऱ्या 11 किलोमीटरच्या सामुदायिक ट्रेल रनमध्ये, म्हणजे पायवाटांवरच्या शर्यतीत, तुम्ही नाव नोंदवले आहे. एकूण चढ 340 मीटर आहे, असे नकाशावर लिहिले आहे. आठ आठवड्यांत तयारी कशी करावी, बूट कोणते घ्यावेत, सापांचे काय, आणि सर्वांत शेवटी पोहोचलो तर चालेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी गेली चौदा वर्षे या भागातील पायवाटांवर धावते आहे. अशा शर्यतींत जितक्या वेळा धावले, जवळजवळ तितक्याच वेळा आदल्या दिवशी खुणेच्या फिती बांधणे, वळणावर उभे राहणे किंवा सर्वांच्या मागून चालत येणे ही कामेही केली आहेत. त्यामुळे माझे उत्तर दोन्ही बाजूंनी दिलेले आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीत आपली काळजी घेणारे कोणी ना कोणी सतत हाकेच्या अंतरावर असते. पाय मुरगळला तर कडेला बसावे, दहा मिनिटांत कोणीतरी येते. बुशमध्ये एका स्वयंसेवकापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन किलोमीटरची अरुंद पायवाट असते, तिथे गाडी येऊ शकत नाही, आणि दरीत उतरले की फोनची रेंजही अनेकदा जाते. आयोजक कितीही काटेकोर असले तरी काही झाल्यास पहिली वीस-तीस मिनिटे, कधी तासभरही, तुम्ही आणि तुमच्या मागून येणारा धावपटू एवढेच तिथे असता. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळे या एका वस्तुस्थितीतून निघते. तयारी करताना “मी किती वेगाने धावेन” या प्रश्नाआधी “मी स्वतःला आणि शेजारच्याला सांभाळू शकेन का” हा प्रश्न स्वतःला विचारावा.

या शर्यतींचे स्वरूपही समजून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रीय उद्यानात किंवा नगरपरिषदेच्या राखीव बुशमध्ये शर्यत घ्यायची तर परवानगी लागते आणि धावपटूंच्या संख्येवर मर्यादा असते, कारण एका सकाळी काहीशे लोक एकाच वाटेवरून गेले की वाटेच्या कडा ढासळतात. जमा होणारा पैसा बहुधा शाळेला किंवा स्थानिक ग्रामीण अग्निशमन दलाला जातो. ही परंपरा या न्यू साउथ वेल्स राज्यात चांगली रुजलेली आहे. ब्लू माउंटन्समधील कटूम्बा ते जेनोलन गुहा हा सिक्स फूट ट्रॅक 1884 मध्ये घोड्यांच्या वाटेसाठी आखला गेला. त्यावरील 45 किलोमीटरची शर्यत 1984 पासून होत आली आहे आणि तिचा निधी अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांसाठी उभा केला जातो. तुमची शर्यत तिच्या तुलनेत लहान असली तरी पद्धत तीच आहे. वळणावर पिवळे जाकीट घालून उभी असलेली व्यक्ती पगारी नसते; ती पहाटे पाच वाजता उठून, पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन तिथवर चालत आलेली असते.

आता वेळेचा हिशेब. तुमचा रस्त्यावरचा वेग किलोमीटरला सहा मिनिटे बारा सेकंद आहे. हा आकडा त्या दिवशी घड्याळावर दिसणार नाही, आणि तो दिसावा म्हणून पहिल्या तीन किलोमीटरमध्ये केलेला आटापिटा बहुतेकांना आठव्या किलोमीटरवर महागात पडतो. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना मार्गाची मेहनत मोजताना दर 100 मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरते. त्या हिशेबाने तुमचे 11 किलोमीटर 14.4 किलोमीटरच्या बरोबरीचे होतात आणि तुमच्या वेगाने जवळपास 90 मिनिटे लागतात. त्यात खडकातल्या पायऱ्या, ओढा ओलांडणे, अरुंद वाटेवर पुढच्या धावपटूच्या मागे थांबावे लागणे हे सगळे मिळवले, तर पावणेदोन तास मनात धरून यावे. चढावर चालण्यात काहीही गैर नाही. अनुभवी धावपटूही तीव्र चढ चालतच चढतात. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईनासे झाले की धावणे सोडावे, हात मांड्यांवर ठेवावेत आणि लहान पावलांनी चढावे. सिंहगडाची सवय इथे तुमच्या उपयोगी पडेल, कारण दम न सोडता संथ लयीत चढत राहणे तुमच्या अंगात आधीच मुरलेले आहे.

सिंहगडाची सवय जिथे उपयोगी पडणार नाही ती गोष्ट म्हणजे इथली जमीन, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. त्यावरचा धोका मुख्यतः घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या खड्यांचा आणि मुरुमाचा. सिडनीच्या आसपासचा दगड हॉक्सबरी वालुकाश्म आहे. कोरडा असताना त्याचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत असतो आणि बुटाला इतका घट्ट धरतो की नवख्या माणसाला फाजील विश्वास वाटू लागतो. तोच दगड ओढ्याजवळ, सावलीत, हिरवट-काळा दिसू लागला की शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा निसरडा होतो. मात्र सर्वांत फसवी असते ती कोरड्या पायरीवरची वाळू. हा दगड झिजतो तसतशी त्याची बारीक वाळू त्याच्याच पायऱ्यांवर साचते, आणि फरशीवर रवा सांडावा तशी ती पसरलेली असते. वरून उतरताना पायरी कोरडी, उन्हातली, भरवशाची दिसते. टाच त्या वाळूवर पडते आणि सरळ पुढे जाते. मी आजवर ज्यांना उचलून बसवले आहे, त्यांतले बहुतेक जण भर पावसात न पडता अशा कोरड्या पायरीवर पडलेले होते. उतरताना टाचेऐवजी तळव्याचा मधला भाग टेकवावा आणि शरीराचा भार थेट त्या पायावर असावा, म्हणजे पाय सरकला तरी तोल जात नाही.

मार्गाचा काही भाग फायर ट्रेलचा असेल. अग्निशमन दलाच्या गाड्यांसाठी काढलेला हा रुंद कच्चा रस्ता असतो, आणि तो दिसायला सोपा असल्याने तिथे लोक वेग घेतात. परंतु त्यावर निलगिरीच्या कुळातील झाडांची हरभऱ्याएवढी कठीण बोंडे पडलेली असतात आणि ती उतारावर बुटाखाली छऱ्यांसारखी फिरतात. अरुंद पायवाटेवर याउलट मुळे आणि लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या असतात. ओल्या ओंडक्यावर कधीही पाय देऊ नये, तो ओलांडावा. खाली खाडीच्या काठी पोहोचलात की सुरूच्या जातीची झाडे लागतील. वारा सुटला की कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात येतो तोच आवाज इथेही येतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी धावायची थांबले होते. पण तिथे वाटेवर सुरूच्या काड्यांचा मऊ थर असतो आणि त्याखालची मुळे दिसत नाहीत, म्हणून पावले थोडी अधिक उचलून टाकावीत. नजर पायांशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवावी. ज्या दगडावर आता पाय पडणार आहे तो तुम्ही दोन पावलांपूर्वीच पाहिलेला असला पाहिजे. ही सवय रस्त्यावर लागत नाही, बुशमध्येच लागते. आसपासची झाडे बघायची असतील, आणि ऑगस्टअखेरीस बाभळीच्या कुळातील वॉटल पिवळीधमक फुललेली असते म्हणून ती बघावीशी वाटतीलच, तर थांबून बघावीत.

तयारीसाठी आठ आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून तीनदाच धावावे, त्यांपैकी एकदा बुशमध्ये, आणि बुशमधील धाव किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावी: पहिल्या आठवड्यात 45 मिनिटे, सहाव्या आठवड्यापर्यंत पावणेदोन तास. चढाची चिंता करू नये. सराव करायचा तो उतारांचा. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, आणि सवय नसलेल्या स्नायूंना त्याने सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते यामुळे. दिलासा देणारी गोष्ट अशी की एकदा अशी वेदना सोसून सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एक लांब उतार मुद्दाम सावकाश उतरावा, आणि नंतर दर आठवड्याला त्याची पुनरावृत्ती करावी. पावले लहान आणि झटपट, गुडघे किंचित वाकलेले, हात कोपरांतून थोडे बाहेर. मागे रेलू नये, कारण मागे रेलले की भार टाचेवर जातो आणि वाळूची पायरी आपले काम करते. घोट्यासाठी दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा साधा व्यायाम पुरतो. पंधरवड्यानंतर तो डोळे मिटून करावा. शेवटच्या दहा दिवसांत मोठे उतार टाळावेत.

जमले तर पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात शर्यतीचाच मार्ग दोन तुकड्यांत चालून यावे. तो ग्रेट नॉर्थ वॉकच्या काही भागावरून जात असेल, तर त्या वाटेच्या खुणांचे खांब तुम्हाला दिसतील. सिडनी ते न्यूकॅसल ही सुमारे 250 किलोमीटरची वाट 1988 मध्ये खुली झाली आणि तुमच्या भागातील बरीचशी धाव तिच्याच आधाराने होते. शर्यतीच्या दिवशी मात्र त्या खांबांवर विसंबू नये, कारण शर्यतीचा मार्ग त्या वाटेवरून कुठे आत वळतो ते फक्त फिती सांगतात.

बुटांविषयी मी मुद्दाम थोडक्यात सांगते, कारण नवीन लोक यावर गरजेपेक्षा जास्त पैसे खर्च करतात. मार्ग बहुतांश फायर ट्रेलचा असेल तर तुमचे रस्त्याचे बूट चालतील. निम्म्याहून अधिक पायवाट असेल तर तळाला चार-पाच मिलिमीटर उंचीचे खूर, म्हणजे पकड देणारे उंचवटे, असलेले ट्रेलचे बूट घ्यावेत आणि शर्यतीआधी किमान पाच वेळा वापरावेत. उतारावर बोटे पुढे सरकतात, तेव्हा पुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

बूट कोणते यापेक्षा ते किती स्वच्छ आहेत, हे इथे अधिक महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या रेषेपाशी किंवा बुशच्या तोंडाशी तुम्हाला ब्रश आणि फवाऱ्याची बाटली ठेवलेली दिसेल. बूट उलटा करून खुरांत अडकलेली माती ब्रशने पूर्ण काढायची आणि मगच तळव्यावर फवारा मारायचा. माती तशीच ठेवून वरून मारलेला फवारा निरुपयोगी असतो. याचे कारण फायटोफ्थोरा सिनॅमोमी हा मातीत राहणारा सूक्ष्मजीव. तो मुळे कुजवतो, आणि बँक्सिया किंवा ग्रास ट्रीसारखी झाडे त्याने वरून वाळत जाऊन मरतात. एकदा मातीत शिरल्यावर त्याला बुशमधून काढून टाकण्याचा उपाय नाही. पसरू न देणे एवढेच हाती असते, आणि तो ज्या ओल्या मातीतून पसरतो ती बुटाच्या तळव्याला चिकटून येते. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत डिंक्या रोगाने काय नुकसान होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल, कारण त्या रोगामागेही फायटोफ्थोराच्याच जाती असतात. रांगेत उभे असताना तीस सेकंद वाचवण्यासाठी हा फवारा चुकवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी दर वेळी परत पाठवले आहे. तुम्ही आदल्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या बुशमध्ये धावला असाल, तर बूट घरीच धुऊन, वाळवून आणावेत.

सोबत काय घ्यावे? अर्धा लिटर पाणी, स्वतःचा घडीचा पेला, कारण बऱ्याच शर्यतींत कागदी पेले ठेवत नाहीत, पूर्ण चार्ज केलेला फोन, शिटी, एक हलके जाकीट, आणि किमान 10 सेंटीमीटर रुंदीची ताणली जाणारी दाबपट्टी, शक्यतो दोन. खाण्याचे फार ओझे नको. पावणेदोन तासांच्या मेहनतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मोठ्या मेजूल खजुरात साधारण 16 ते 18 ग्रॅम असतात, तेव्हा बी काढलेले तीन-चार खजूर पुरे. चिक्की मला स्वतःला आवडते, पण थंड सकाळी ती कडक होते आणि धापा टाकताना चावता येत नाही. पाणी तहान लागेल तसे प्यावे, जबरदस्तीने नव्हे. फोनमध्ये इमर्जन्सी प्लस हे अ‍ॅप घालून ठेवावे. 000 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करताना तुम्ही नेमके कुठे आहात ते अक्षांश-रेखांशांसह पडद्यावर दिसते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचे जाळे उपलब्ध असेल तर 000 लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

आता साप. ऑगस्टअखेर थंडी सरत आलेली असते. बहुतेक साप अजून सुस्त असतात, पण ऊन तापलेल्या दिवशी एखादा लाल पोटाचा काळा साप वाटेवर येऊन पडलेला दिसू शकतो. साप दिसला तर थांबावे, मागच्यांना ओरडून सांगावे आणि तो जाईपर्यंत वाट पाहावी. त्याला काठीने हुसकावणे हे चावे ओढवून घेण्याचे काम आहे. दंश झालाच, तर इथली पद्धत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे आणि ती तुम्हाला नीट माहीत असली पाहिजे. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी विकसित केलेली दाबपट्टीची पद्धत सर्व सापांसाठी वापरली जाते: दंशाच्या जागेवर पट्टी घट्ट गुंडाळायची, मग दुसरी पट्टी बोटांपासून सुरू करून पाय किंवा हात वरपर्यंत गुंडाळायचा, काठीचा आधार देऊन तो अवयव हलणार नाही असा करायचा, आणि माणसाला जागचे हलू द्यायचे नाही. इथल्या विषारी सापांचे विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरते आणि स्नायू हलले की ते पुढे ढकलले जाते, म्हणून चालत बाहेर येण्याचा प्रयत्न घातक ठरतो. दंशाची जागा धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषाची रुग्णालयात तपासणी करता येते. आपल्याकडे घोणस आणि फुरसे यांच्या विषाने चावलेल्या जागीच मांस सडू शकते, म्हणून तिथे अशा दाबपट्टीची सरसकट शिफारस केली जात नाही. गावाकडे ऐकलेले आणि इथे शिकलेले, या दोहोंची सरमिसळ करू नये. दोरी आवळणे आणि जखम कापणे मात्र दोन्हीकडे वर्ज्य आहे. फनेल-वेब या विषारी कोळ्याच्या दंशालाही हीच दाबपट्टी लागते. त्यावरचे प्रतिविष 1981 पासून उपलब्ध आहे. चौदा वर्षांत माझी दाबपट्टी सापासाठी एकदाही उघडावी लागलेली नाही, घोट्यांसाठी मात्र अनेकदा लागली आहे.

मॅगपाय पक्षी ऑगस्टअखेरपासून घरट्याच्या आसपास माणसांवर झेप घेऊ लागतात; तिथे टोपी आणि गॉगल घालून, न थांबता चालत पुढे जावे.

शर्यतीच्या सकाळी दरीत तापमान सहा-सात अंशांवर असेल, म्हणून सुरुवातीला थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घालावेत. रांगेत मधल्या भागाच्या मागे उभे राहावे. शर्यत सुटण्याआधी, ज्यांची ही भूमी आहे त्या आदिवासी समाजांचे स्मरण केले जाते. ते शांतपणे ऐकावे. या वालुकाश्मावर त्यांच्या पूर्वजांनी कोरलेली चित्रे अनेक ठिकाणी आहेत, आणि वाट सोडून सपाट कातळावरून आडवे जाऊ नये यामागे तेही एक कारण आहे. अरुंद वाटेवर मागून कोणी जवळ आले तर पुढची रुंद, भक्कम जागा पाहून बाजूला व्हावे. झुडपांत उडी मारून वाट देऊ नये. तुम्हाला पुढे जायचे असेल तर बाजू सांगून विचारावे आणि उत्तर आल्यावरच जावे. कानात गाणी नकोत.

फितींविषयी एक अनुभव सांगते. माझ्या तिसऱ्या शर्यतीत पुढच्या धावपटूच्या पाठीवर नजर ठेवून मी एक डावे वळण चुकले, आणि आम्ही सात जण एकामागोमाग दीड किलोमीटर खाली उतरलो. आम्हा सातांपैकी कोणीही फीत पाहिलेली नव्हती. प्रत्येकाने पुढच्यावर भरवसा ठेवला होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पाच मिनिटे फीत दिसली नाही तर थांबायचे आणि शेवटच्या दिसलेल्या फितीपर्यंत मागे जायचे, मग ते कितीही जिवावर आले तरी.

दुसरा अनुभव मागून येणाऱ्याच्या भूमिकेतला आहे आणि तो मला अजून अस्वस्थ करतो. जूनमधील एका छोट्या शर्यतीत मी सर्वांच्या मागून फिती काढत येत होते. शेवटी नोंदी जुळवल्या तेव्हा 143 जण आत गेले होते आणि 142 बाहेर आले होते. फोन केला तर तो वाजत राहिला. आपत्कालीन संपर्क म्हणून त्या गृहस्थांनी स्वतःचाच क्रमांक लिहिला होता. आम्ही आठ जण परत आत गेलो. प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक कड्याखाली पाहिले, हाका मारल्या. माझ्यासोबतच्या मुलीचा आवाज बसला. अडीच तासांनी कळले की सहाव्या किलोमीटरवर त्यांचा पाय मुरगळला होता, तिथून वाट वस्तीच्या रस्त्याला लागून जात होती, आणि मित्राला बोलावून ते घरी जाऊन झोपले होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. रस्त्यावरच्या शर्यतीत असे निघून गेल्याने कोणाचे काही अडत नाही, म्हणून त्यांना ते सुचले नाही. तेव्हा शर्यत अर्धवट सोडायची झाली तर बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावलेल्या पट्टीवरच्या, क्रमांकासह जवळच्या स्वयंसेवकाला सांगितल्याशिवाय बुशबाहेर पाऊल टाकू नये, आणि कोणी भेटले नाही तर बिबच्या मागे छापलेल्या क्रमांकावर कळवावे. अर्जात आपत्कालीन संपर्क म्हणून त्या सकाळी जागे असलेले, सिडनीतच असलेले माणूस लिहावे. अनेक मराठी मंडळी आईवडिलांचा पुण्याचा क्रमांक लिहितात. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात.

वाटेत कोणी पडलेले दिसले तर थांबावे. हा नियम बहुतेक शर्यतींत लेखी असतो. दोघे जण असाल तर एकाने तिथे थांबावे आणि दुसऱ्याने पुढच्या स्वयंसेवकापर्यंत जाऊन बिब क्रमांक, जागा आणि इजा सांगावी. यात गेलेला वेळ आयोजक बहुधा वजा करून देतात, आणि नाही दिला तरी थांबावेच.

शर्यत रद्द होण्याची शक्यताही मनात ठेवावी. या राज्यात वणव्यांचा अधिकृत हंगाम 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असा धरला जातो, परंतु ऑगस्टमध्ये कोरडे पश्चिमी वारे सुटतात आणि पुढच्या उन्हाळ्याची खबरदारी म्हणून अग्निशमन दल नेमके याच दिवसांत बुशचे काही पट्टे नियंत्रित आगीने जाळते. त्यासाठी किंवा वाऱ्यासाठी वाटा बंद होतात, कधी आदल्या रात्री. 2019–20 चा भीषण वणव्यांचा उन्हाळा ज्यांनी इथे काढला आहे त्यांना याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

शेवटी पोहोचलो तर चालेल का, हे तुम्ही सर्वांत शेवटी आणि थोडे संकोचाने विचारले आहे. आयोजकांना वेळमर्यादा काय आहे ते आधी विचारून घ्या. 11 किलोमीटरला ती बहुधा चालणाऱ्यांनाही पुरेल अशी असते. शेवटच्या धावपटूच्या मागे माझ्यासारखे कोणीतरी फिती काढत येतच असते, त्यामुळे तुमच्यासाठी कोणी जादा थांबलेले नसते. तुम्ही शेवटचे असलात तर आमच्या कामाला सोबत मिळते. मी ज्यांच्याबरोबर अशी मागून आले आहे त्यांतल्या एक साठीच्या बाई वाटेतल्या टणटणीची, म्हणजे आपल्या घाणेरीची, पाने चुरगळून मला वास देत होत्या आणि दर महिन्याच्या बुशकेअरला, म्हणजे रानातले तण काढणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाला, ती कशी उपटून काढतात ते सांगत होत्या. हे अमेरिकेतून आलेले झुडूप आपल्या डोंगरांत जसे माजले आहे तसेच इथेही माजले आहे. बोलता बोलता त्यांनी अंतिम रेषा ओलांडली तेव्हा पाण्याचे टेबल सांभाळणारे सगळे उभे होते. तुमच्या वेगावरून पाहता तुम्ही शेवटचे असणार नाही, परंतु असलात तरी त्या टेबलावर थोडे पाणी तुमच्या नावाचे राखून ठेवलेले असेल.

घरी गेल्यावर आंघोळीआधी कानांमागे, केसांच्या कडेला, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. इथल्या एका जातीच्या गोचिडीमुळे पक्षाघातासारखी लक्षणे आणि काहींना मांसाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून ती बोटांनी चिमटून ओढू नये; औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्याने ती जागीच गोठवून मारावी आणि आपोआप गळू द्यावी. मग बूट घासून उन्हात ठेवावेत, आणि दाबपट्टी वापरली असेल तर धुऊन, वाळवून, नीट गुंडाळून पुन्हा शर्यतीच्या सामानात ठेवावी.